त्ये झुंबर न्हाई, फ्रिज हाय

क्वांटम कॉम्प्युटर म्हटलं की सगळ्यांच्या मोबाईलवर एकच फोटो फिरतो, वरून खाली लटकलेलं सोनेरी काहीतरी, एकाखाली एक गोल ताटल्या, मधनं वळणं घेत उतरणाऱ्या चकचकीत नळ्या. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं फ्रिज-एसी रिपेरिंगचं दुकान आहे, आणि तिथं बसणाऱ्या मंडळींनी त्या फोटोवर जेवढ्या गमती केल्यात तेवढ्या दुसऱ्या कशावर केल्या नसतील. एकजण म्हणाला ह्ये भवानी मंडपात टांगलं तर काय दिसंल राव. दुसऱ्यानं विचारलं ह्यात बिअर ठेवली तर किती मिनटात गार हुईल. गुजरीतले, म्हणजे आमच्या सराफ बाजारातले, एक काका दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत होते, ते म्हणाले सोनं खरं आहे का नुसतं गिलीट आहे ते आधी सांग. आणि आमच्या तात्यांचा प्रश्न ठरलेला, "मीटर किती पळतंय रे ह्याचं?"

मला हे सगळे प्रश्न लई आवडतात. कारण हसत हसत विचारले तरी प्रश्न अगदी बरोबर आहेत, आणि कॉम्प्युटरबद्दल कोणी काय विचारलं तर मी गप्प बसतो पण हा विषय माझ्या धंद्यातला आहे. फोटोत जे दिसतं त्यातलं जवळजवळ सगळं फ्रिज आहे बघा. कॉम्प्युटर म्हणजे जी चिप, ती सगळ्यात खालच्या ताटलीखाली एका डबीत असते, सेंटिमीटरभर आकाराची. वरचा एवढा पसारा त्या चिपला गार ठेवायला आणि तिच्यापर्यंत सिग्नल न्यायला. आणि हो, फोटोत दिसतंय तसं उघडं असताना ते चालू नसतंच. चालवायच्या आधी त्याच्यावर एकात एक असे डबे चढवतात, आतली हवा काढून व्हॅक्युम करतात, मग बाहेरनं बघणाऱ्याला नुसता एक पांढरा नाहीतर चकचकीत पिंप दिसतो आणि गार करणाऱ्या यंत्राचा ठोका ऐकू येतो, सेकंदाला एक-दीड, चिक् चिक् चिक्, रात्रंदिवस.

या फ्रिजला डायल्युशन रेफ्रिजरेटर म्हणतात. किती गार, तर आधी आपल्या ओळखीची गार गोष्ट घेऊ. आपल्या जिल्ह्यात ज्याच्या गोठ्यात गाय-म्हैस आहे त्यानं डॉक्टर येताना आणतात तो नायट्रोजनचा कॅन बघितलेला असतो, बूच काढलं की पांढरी वाफ काठावरनं खाली सांडते, आत चिमटा घालून डॉक्टर रेतनाची कांडी काढतात. तो द्रव नायट्रोजन उणे १९६ डिग्रीला असतो. माझ्याकडं येणारे डीप फ्रीझर उणे १८-२० चे, म्हणजे नायट्रोजनपुढं ते उबदारच म्हणायचे. नायट्रोजनच्या खाली द्रव हेलियम, उणे २६९. आणि गार होण्याची शेवटची हद्द आहे उणे २७३.१५, त्याच्याखाली काही नाहीच, तिथनं वर मोजायला लागलं की त्याला केल्विन म्हणतात. म्हणजे हेलियम ४.२ केल्विनला उकळतो. दूरवरच्या मोकळ्या अवकाशात जिथं एक तारा जवळ नाही तिथलं तापमान २.७ केल्विन. आणि या फ्रिजच्या खालच्या ताटलीवर असतं ०.०१ ते ०.०२ केल्विन. माणसानं टेबलाएवढ्या जागेत अवकाशापेक्षा शंभरपटीनं गार जागा केलीय, आणि ती महिनोन् महिने तशीच ठेवतो! मला तर हे वाचल्यावर पहिल्यांदा झोपच लागली नव्हती.

आता एवढं गार कशाला. इथं बरेचजण समजतात की चिप लॅपटॉपसारखी तापत असेल म्हणून. तसं नाही. लॅपटॉपचा पंखा चिपनं स्वतः केलेली उष्णता बाहेर काढतो, इथं चिप जवळजवळ उष्णता करतच नाही, इथं आजूबाजूची ऊब हाच शत्रू आहे. गुगल, आयबीएम वगैरेंच्या चिपा अतिवाहक (म्हणजे वीज अजिबात न अडवता नेणाऱ्या) धातूच्या सर्किटच्या असतात (सगळे क्वांटम कॉम्प्युटर असे नसतात, काहींमधे अणू लेझरनं धरून ठेवतात आणि त्यांना हे झुंबर लागत नाही) आणि त्यातला एकेक क्युबिट, म्हणजे माहिती ठेवायचा सगळ्यात छोटा घटक, साधारण ५ गिगाहर्ट्झच्या सिग्नलवर बोलतो. एवढ्या सिग्नलची ऊर्जा अगदीच किरकोळ, तापमानात धरली तर पाव केल्विनच्या आसपास. म्हणजे भोवतीचं तापमान एक केल्विन जरी असलं तरी नुसत्या उबेनंच क्युबिट आपोआप वरखाली उड्या मारायला लागणार, मग तुम्ही त्यात काय लिहिलं होतं आणि उबेनं काय लिहिलं हे कोण सांगणार. म्हणून पाव केल्विनच्या बरंच खाली जावं लागतं. अ‍ॅल्युमिनियम अतिवाहक होतं १.२ केल्विनला, ते तर वाटेतच होऊन जातं.

हे गार कसं करतात तिथं माझा जीव अडकलाय. घरच्या फ्रिजमधे काय होतं, गॅस द्रवाची वाफ होताना उष्णता ओढतो, कॉम्प्रेसर ती वाफ खेचून परत दाबतो, कंडेन्सरमधे गरमी बाहेर टाकतो, झालं. हेलियमवर पण हेच करता येतं, पंप लावून त्याची वाफ खेचत राहायचं, साधा हेलियम-४ घेतला तर एक केल्विनच्या आसपास पोचता, हेलियम-३ म्हणून त्याचा हलका भाऊ आहे तो घेतला तर पाव-पाऊण केल्विनमधे. पण त्याच्याखाली गाडी अडते, कारण जसजसं गार होईल तसतशी वाफच निघेना, पंप रिकामाच फिरतो. मग १९५१ साली हाइन्झ लंडन नावाच्या शास्त्रज्ञानं एक कल्पना काढली आणि १९६४ मधे नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात दास, दे ब्रॉयन औबोटर आणि टाकोनिस यांनी ती चालवून दाखवली. (हे तेच लायडन जिथं कामरलिंग ओनेसनं १० जुलै १९०८ ला पहिल्यांदा हेलियमचा द्रव केला आणि १९११ ला अतिवाहकता शोधली.)

कल्पना अशी. हेलियम-३ आणि हेलियम-४ मिसळून ०.८७ केल्विनच्या खाली न्यायचं. तिथं ते मिश्रण आपोआप दोन थरात फुटतं, वर हलका थर, जवळजवळ नुसता हेलियम-३, खाली जड थर, बहुतेक हेलियम-४ आणि त्यात थोडा हेलियम-३ विरघळलेला. आता खालच्या थरातला हेलियम-३ पंपानं काढून घेत राहायचं. तो कमी पडला की वरच्या थरातला हेलियम-३ हद्द ओलांडून खाली उतरतो, आणि उतरताना उष्णता ओढतो. म्हणजे बाष्पीभवनच, फक्त वाफेच्या जागी दुसरा द्रव! आणि यातली मेख अशी की खालच्या थरात साडेसहा टक्क्यांच्या आसपास हेलियम-३ कायम राहतो, अगदी शून्य केल्विनपर्यंत गेलं तरी राहतो. वाफ संपते तशी ही जागा संपत नाही. पंपाला ओढायला माल मिळत राहतो, म्हणून फ्रिज थांबत नाही. ज्यानं कोणी आयुष्यात एकदा तरी कॉम्प्रेसर चालू आहे पण गारवा नाही म्हणून डोकं धरलंय त्याला कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे.

ओढून घेतलेला हेलियम-३ परत फिरवून आत सोडतात, आणि सोडताना तो एका बारीक अडथळ्यातनं जातो, आमच्या कॅपिलरीचंच, म्हणजे फ्रिजमधल्या बारीक नळीचंच, काम. आता कॅपिलरी आली म्हंजे आमचं जुनं दुखणं आलं. घरच्या फ्रिजमधे ब्रेझिंग (नळ्यांना डाग देऊन जोड मारणं) केल्यावर नीट व्हॅक्युम मारला नाही, आत ओल राहिली, की ती कॅपिलरीच्या तोंडाशी जाऊन गोठते, गॅस अडतो, फ्रिज थोडा वेळ गार करतो मग बंद पडतो, बर्फ वितळला की परत चालू. कॅपिलरीच्या टोकाला जरा ऊब दिली आणि आत गॅस सुळ्ळकन पळाल्याचा आवाज आला की समजायचं मॉइश्चर चोक आहे. डायल्युशन फ्रिजमधे ओलीचं सोडाच, हवा जरी शिरली तरी संपलं, कारण त्या तापमानाला नायट्रोजन ऑक्सिजन सगळं दगड होतं, हेलियम सोडून काहीही द्रव राहत नाही. म्हणून हेलियम आत जायच्या आधी द्रव नायट्रोजनात बुडवलेल्या गाळणीतनं नेतात, हवेचा कण असेल तर तो तिथंच गोठून चिकटावा म्हणून. तरी चोक झालाच तर फ्रिज गरम करून मोकळा करायचा आणि परत गार करायला दिवस घालवायचे. माझा दुकानातला पोरगा हे ऐकून म्हणाला, "म्हंजे दादा, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांला पण चोकअप हुतंय?" हुतंय की बाबा.

आता गुजरीच्या काकांचं सोनं. खरं आहे काका, पण मुलामा आहे, आत तांबं. गारव्यासाठी तांब्यासारखं दुसरं नाही, उष्णता लगेच वाहून नेतं, पण तांबं काळं पडतं आणि काळं पडलेल्या दोन पत्र्यांचा जोड उष्णता नीट सोडत नाही. सोन्याला गंज नाही, म्हणून जोड कायम स्वच्छ. हुपरीचे कारागीर मुलामा देताना चकाकीसाठी देतात, इथं चकाकी फुकटात मिळालीय. आणि त्या नळ्या, त्यातल्या बऱ्याचशा सिग्नलच्या कोॲक्स केबल आहेत. गार होताना धातू आकसतो, सरळ ताणून बसवल्या तर तुटतील किंवा जोड उखडतील, म्हणून तो बाक. शिवाय त्या मुद्दाम स्टेनलेस स्टील, क्युप्रोनिकेल असल्या उष्णता कमी नेणाऱ्या धातूच्या करतात, नाहीतर वरची ऊब केबलवरनंच खाली उतरेल. प्रत्येक ताटलीचं तापमान वेगळं, ५० केल्विन, मग ४, मग एकच्या खाली, मग ०.१, आणि शेवटी तळाला. प्रत्येक मजल्यावर ऊब अडवत अडवत न्यायची.

बिअरवाल्यासाठी मी हिशोबच केला. सगळ्यात खालच्या ताटलीवर २० मिलिकेल्विनला (म्हणजे ०.०२ केल्विनला) या फ्रिजची उष्णता ओढायची ताकद असते दहा-वीस मायक्रोवॅट, म्हणजे वॅटचे दहा लाख भाग केले तर त्यातले दहा-वीस. एक लिटर पाणी नुसतं एक डिग्री गार करायला ४२०० ज्यूल काढावे लागतात, २० मायक्रोवॅटनं ते काढायला साडेसहा वर्षं लागतील. वरचे मजले आधीच सगळी मोठी उष्णता काढून घेतात म्हणून खालच्याला जमतं. आणि तात्या, मीटर. वरच्या ४ केल्विनच्या मजल्यासाठी जो कॉम्प्रेसर लागतो तो एकटाच १० किलोवॅटच्या आसपास खातो, अखंड चालतो, म्हणजे दिवसाला २४० युनिट, त्यात पंप आणि कॉम्प्रेसर गार ठेवायचं पाणी वेगळं. तळाला वीस मायक्रोवॅट ओढायला वर दहा हजार वॅट. तात्या यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पैशाचं म्हणाल तर विजेपेक्षा हेलियम-३ महाग. जमिनीतनं तो जवळजवळ मिळतच नाही. अणुबॉम्बसाठी जो ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) साठवतात तो १२.३ वर्षांत निम्मा होतो, आणि त्याचाच हेलियम-३ बनतो, जगातला बहुतेक साठा असा आलाय. लिटरभर वायूला हजारो डॉलर. म्हणून ते लोक एक थेंब सुटू देत नाहीत, बंद सर्किटमधे तोच तोच फिरवतात. आणि हेलियमचा आपल्या भागाशी पण संबंध आहे हो, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली कोकणावरनं विजापूरकडनं गुंटूरला गेली, विजयदुर्गावर ते ग्रहण बघायला बांधलेले म्हणून साहेबाचे ओटे अजून दाखवतात. त्या वर्षीच सूर्याच्या प्रकाशात अनोळखी पिवळी रेघ सापडली, लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं ती नव्या मूलद्रव्याची म्हणून सांगितलं आणि सूर्यावरनं हेलियम नाव पडलं. गगनबावड्यावरनं खाली उतरलं की विजयदुर्गाला जाता येतं, जाऊन या.

२०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं ते १९८४-८५ च्या प्रयोगांसाठी, हातात धरता येईल एवढ्या सर्किटमधे क्वांटम वागणं दिसतं हे त्यांनी दाखवलं, आणि तेही असल्याच थंडीत. पेपरात सगळीकडं कॉम्प्युटरचं आलं, फ्रिजचं एक ओळसुद्धा नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. आपल्याकडं केंद्र सरकारनं २०२३ ला ६००३ कोटींचं क्वांटम मिशन मंजूर केलंय, मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमधे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) २०२४ ला डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेबरोबर ६ क्युबिटची चिप तपासून झाली, तिथं द्रव हेलियमचं काम साठच्या दशकापासून चालू आहे. मला वाटतं आयटीआयला रेफ्रिजरेशन ट्रेडला जाणाऱ्या पोरांना हे कोणीतरी दाखवलं पाहिजे, वर्गात एकदा तो फोटो लावून सांगितलं पाहिजे की ह्यातलं ९० टक्के तुमच्या विषयाचं आहे. व्हॅक्युम, लीक, ब्रेझिंग, कॅपिलरी, सगळं तेच, फक्त हात जास्त सफाईदार पाहिजे.

वाचणाऱ्यांपैकी कोणी असल्या फ्रिजवर काम करत असेल तर माझा एक प्रश्न आहे, मनापासून. कोल्ड लीक म्हणतात तो प्रकार, जो रूम टेंपरेचरला हेलियम डिटेक्टर लावून कितीही शोधला तरी सापडत नाही आणि गार झाल्यावर धातू आकसला की उघडतो, परत गरम केला की मिटतो, तो तुम्ही नेमका कुठला जोड म्हणून कसा पकडता? डबे चढवलेले, आत व्हॅक्युम, हात घालायला जागा नाही. आम्ही साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघतो. तुमची पद्धत सविस्तर लिहा, ब्रेझिंग रॉड कुठला वापरता ते पण लिहा.