तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाची एंट्रॉपी आणि पावसाची मिती

"सर, फ्रॅक्टल मितीही गुंतागुंत मोजते आणि एंट्रॉपीही. मग दोन आकडे कशाला?" (फ्रॅक्टल मिती म्हणजे मोजपट्टी बारीक करत जाताना आकाराचा तपशील किती वेगानं वाढतो, त्याचा आकडा.) परभणीत गणित शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. सूत्रं मांडून उत्तर देता येतं. पण आपल्या भागात पावसाचा हिशेब लवकर पटतो.

हवामान खात्याच्या लेखी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला, तर तो पावसाचा दिवस. समजा, जून ते सप्टेंबरात असे ३२ दिवस भरले आणि प्रत्येक दिवशी सारखाच पडला. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या शॅननच्या १९४८ च्या सूत्रानं या वाटणीची एंट्रॉपी, म्हणजे पाऊस किती सारखा विखुरला त्याचं माप, ५ बिट येते, कारण दोनाचा पाचवा घात ३२. आता एकूण पाऊस तोच, दिवसही ३२च. पण निम्मा एका रात्रीत कोसळला आणि उरलेला ३१ दिवसांत सारखा वाटला गेला. एंट्रॉपी ३.४८ वर उतरते. म्हणजे सारख्या पावसाचे जेमतेम ११ दिवस झाल्यासारखं. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टीची नोंद होते, सरासरीही गाठली जाते, आणि पुढच्या खंडात सोयाबीन माना टाकतं ते टाकतंच.

पण एंट्रॉपीला दिवसांचा क्रम कळत नाही. हिशेबाला सोपं जावं म्हणून हंगाम १२८ दिवसांचा धरू. सारख्या पावसाचे ते ३२ दिवस हंगामाच्या सुरुवातीलाच सलग आले काय, किंवा दर चौथ्या दिवशी एक असे आले काय, रोजच्या नोंदींवरून एंट्रॉपी दोन्हीकडं ५ बिटच. शेतकऱ्याला विचारा, हे दोन हंगाम सारखे का!

फरक दिसतो तो मोजपट्टी बदलल्यावर. हंगामाचे ३२-३२ दिवसांचे चार तुकडे करा. सलग पावसाची सगळी भर एकाच तुकड्यात, एंट्रॉपी शून्य. विखुरलेल्या पावसाची २ बिट. म्हणजे पट्टी निम्मी-निम्मी करत जाताना एंट्रॉपी किती वाढते, हेच बघायचं. ही वाढ दर पायरीला ठरावीक राहिली, तर तिलाच माहितीची मिती म्हणतात. हंगेरीचे गणितज्ञ रेन्यी यांनी १९५९ मध्ये ती मांडली. गणितज्ञ मँडेलब्रॉटनं १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी विचारून जगाला ज्या फ्रॅक्टल मितीची गोडी लावली, तिची ही सख्खी बहीण.

तर उत्तर असं: एंट्रॉपी एका पट्टीवरचा आकडा, मिती हा तो आकडा वाढण्याचा वेग.

हंगामाचे सारखे तुकडे, म्हणजे डबे, पाडून त्यातले पावसाचे डबे मोजून काढलेली नेहमीची मिती फक्त "इथं पडला का?" एवढंच विचारते, किती पडला, ते नाही. समजा, दर तुकड्याच्या एका अर्ध्यात ७० टक्के आणि दुसऱ्यात ३० टक्के पाऊस, आणि ही वाटणी खालपर्यंत चालू. कुठलाच तुकडा कोरडा नाही, म्हणून डब्यांची मिती पूर्ण १. माहितीची मिती मात्र ०.८८. ती डब्यांच्या मितीपेक्षा कधीच जास्त नसते, आणि दोहोंमधली तफावत वाटणी किती विषम ते सांगते. मला स्वतःला ही तफावतच दोन्ही आकड्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

"गुंतागुंत" या शब्दावर मात्र माझा फारसा भरवसा नाही. नाणं उडवून दिवस ठरवले, तरी एंट्रॉपी भरपूर येते आणि मिती पूर्ण; त्यात गुंतागुंत कसली, निव्वळ सरमिसळ.

आणि करून बघणार असाल तर एक सांगतो. रोजच्या नोंदींवर हंगामाला जेमतेम सात वेळा निम्मं करता येतं. दर पायरीची एंट्रॉपी आलेखावर मांडली, की रेषेचा उतार म्हणजेच मिती; पण सात ठिपक्यांतून ओढलेल्या रेषेच्या उताराचा तिसरा दशांश छापू नका. स्वयंचलित केंद्राच्या तासा-तासाच्या नोंदी मिळाल्या, तर आणखी चार-पाच पायऱ्या खाली उतरता येतं. तिथं उतार बदलतो का, ते आधी बघा.