नळीला फुटलेला घाम

बेळगावहून चोर्ला घाट उतरून इंजिन घरी आलं, तेव्हा अर्धा वाडा ते बघायला जमला होता. माझी जिप्सी १९८०च्या दशकातली, कार्बुरेटरवाली, ९७० सीसीची. तिच्यात आता १.३ लिटरचं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनने पेट्रोल फवारणारं इंजिन बसणार होतं. कुणी पॉवर विचारली, कुणी किंमत. या इंजिनापर्यंत पेट्रोल जाणार कशातून, हे एकानेही विचारलं नाही. मलाही ते सुचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरटीओची परवानगी, आरसीवर नवा इंजिन नंबर, या सगळ्यामागे मी हेलपाटे घालत होतो आणि त्या कागदांत नळीचा रकाना कुठेच नव्हता.

नळीची आठवण करून दिली ती गंजाने. आमचं घर गोव्यात मांद्र्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथला खारा वारा खिडकीच्या गजांना सोडत नाही, तो चासीखालच्या पेट्रोलच्या लोखंडी पाइपला काय सोडणार? मेस्त्रीने पाइप पुसायला घेतला. पापुद्रे निघत गेले आणि एका जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर आत गेलं. इतकी वर्षं ही गाडी त्या पाइपच्या भरवशावर चालली होती की वरच्या चिखलाच्या, कोण जाणे.

मेस्त्रीने लगेच एसीवाल्याकडून तांब्याच्या पाइपची गुंडाळी आणली. दिसायला देखणी, हाताने हवी तशी वळणारी. मी नाक मुरडलं तर म्हणाला, "बाब, तांब्याच्या भाणांत फेणी तिगता, पेट्रोल कित्याक तिगचें ना?"

बिनतोड वाटावा असाच सवाल. पण फेणी गाळायचं भाण, म्हणजे ते भांडं, चुलीवर बसलेलं असतं, ते कधी चोर्ला घाट चढत नाही. तांब्याला सतत हादरे बसले की ते आतून कडक होत जातं आणि एक दिवस, बहुधा सांध्याजवळच, तडकतं. शिवाय तांब्याच्या संगतीत पेट्रोलमध्ये चिकट गोंद लवकर धरतो. मेस्त्रीला हे पटलं नाही, पण माझी गाडी म्हणून त्याने ऐकलं. चासीखाली नवा स्टीलचा पाइप टाकायचा, त्याला गंजरोधक रंग द्यायचा आणि सायलेन्सरच्या उलट बाजूने तो न्यायचा असं ठरलं. रबर फक्त दोन्ही टोकांना, जिथे इंजिन हलतं आणि पाइप हलत नाही तिथे.

त्या रबराच्या दोन वितींनी मला खरं रडवलं.

जुन्या कार्बुरेटरला पेट्रोल लागायचं तीन-चार पीएसआय दाबाने, म्हणजे जवळजवळ फुंकरीनेच. एमपीएफआयला तेच चाळीसच्या घरात लागतं. माझ्या वडिलांनी एकदा कुळागरात जास्त हॉर्सपॉवरचा पंप बसवला आणि पाइप जुनाच ठेवला होता. मग आठवडाभर माडांऐवजी वाटेला पाणी मिळत होतं. हे डोळ्यांनी बघितलेला माणूस मी, पण "तात्पुरती साधी नळी घालूया" म्हटल्यावर मान डोलावली. चौथ्या दिवशी गॅरेजात शिरताच वास आला. बॉनेट उघडलं. क्लॅम्पच्या अलीकडे नळी बेडकाच्या गळ्यासारखी फुगली होती आणि तिच्या पाठीवर बारीक ओल चमकत होती. "पळय, घाम येता," मेस्त्री म्हणाला आणि आधी बॅटरीची वायर काढली. बोटभर अंतरावर एक्झॉस्ट होता. मला घाम फुटला तो वेगळाच.

मग म्हापशाचं एक दुकान. काउंटरवरच्या माणसाने माझ्यासमोर काळ्या नळीचं वेटोळं आदळलं. "फ्युएल पाइप म्हणजे फ्युएल पाइप, त्यात बघायचं काय?" बघायचं होतं ते नळीच्या अंगावर छापलेलं. आर ६ आणि आर ७ ही कार्बुरेटरच्या कमी दाबाची कुळं. मला हवी होती एसएई जे ३० या मानकातली आर ९, सुमारे शंभर पीएसआय सोसणारी आणि आतून फ्लोरोरबरचा पडदा असलेली. चष्मा कपाळावर सरकवून मी ती अक्षरं शोधत होतो, मागचा गिऱ्हाईक चुळबुळत होता. शेवटी तिसऱ्या दुकानात मिळाली, साध्या नळीच्या चौपट भावाने.

तो आतला पडदा दाबापेक्षा दारूसाठी महत्त्वाचा. २०२३पासून पंपांवर ई२० येऊ लागलं, म्हणजे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जवळजवळ हुर्राकच, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारूच म्हणा ना! जुन्या रबराला ते सोसत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. गोंयकाराला हे शिकवायला नको खरं तर. आमच्या आजीने फेणी कधी काचेच्या गराफांवाशिवाय कशात ठेवू दिली नाही.

क्लॅम्पचंही तेच. पट्टीवर खाचा असलेला साधा क्लॅम्प आवळला की त्या खाचा रबरात रुततात. इंजेक्शनचा क्लॅम्प वेगळा, काठ बाहेर वळवलेला, नटबोल्टने बंद होणारा. उरलेला तुकडा मेस्त्री टाकीच्या आत पंपाला लावायला निघाला होता, त्याला वेळीच अडवलं. आर ९ची बाहेरची साल पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नसते. त्यासाठी आर १० वेगळी. पुन्हा म्हापसा.

आता किल्ली फिरवली की पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि गप्प होतो. ते दोन सेकंद मी श्वास धरतो.

पहिली मोठी फेरी चोर्ल्याचीच काढली. दर चार वळणांनी गाडी बाजूला घ्यायची, गुडघे टेकून वाकायचं, नळीवरून बोट फिरवायचं आणि नाकाशी न्यायचं. तिसऱ्या थांब्याला एक ट्रकवाला थांबला. "काय हरवलं, काका?"

"काही नाही. वास बघतोय."

"येतोय?"

"नाही."

"मग काय शोधताय?" असं म्हणून तो गिअर टाकून निघून गेला, आणि मी पुन्हा एकदा वाकलो.