सोलापुरातला कुंडीतला ख्रिसमस ट्री : नोव्हेंबरअखेरची नोंद

यंदाचं झाड ठरलं. सुरू, मोरपंखी आणि अरोकेरिया असे तिघे गच्चीवर शेजारीशेजारी ठेवले होते. तिघांनीही उन्हाळा काढला, त्यामुळे आता ठामपणे लिहिता येतंय.

युरोप-अमेरिकेत तोडलेलं झाड घेताना सुया किती टिकतील ते बघतात. नॉर्डमन फर बराच काळ हिरवीगार राहते, नॉर्वे स्प्रूस उबदार खोलीत लवकर गळायला लागते. त्यांना झाड काही आठवडेच हवं असतं. आपल्याला तेच झाड दर नाताळला हवंय, आणि इथे पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. फर आणि स्प्रूस थंड मुलखातली झाडं, सोलापुरात त्यांच्या नादी लागू नये. माझं मत पक्कं झालंय : झाड डिसेंबरकडे नव्हे, मेकडे बघून घ्यावं.

सुरू उन्हाला सर्वांत चिवट. त्याची हिरवी काडी ओढून बघा, सांध्यावर अलगद सुटते. भिंगाखाली त्या सांध्याभोवती बारीक दात्यांचं कडं दिसतं. खरी पानं तीच, लांब हिरवी ‘सुई’ म्हणजे फांदी. मात्र याला दिवसभर ऊन लागतं. अंगण किंवा गच्ची असेल तर बेलाशक घ्या, छाटून छान शंकू होतो. फ्लॅटच्या हॉलसाठी नको.

मोरपंखी स्वस्त, कुठल्याही नर्सरीत मिळते, उन्हातही तग धरते. कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड लागते, तेव्हा आतल्या बाजूवर पाण्याचा फवारा मारत राहावं. फांद्या उभ्या आणि चपट्या असल्याने चांदण्या लटकत नाहीत, नुसत्या अडकतात. लहान घराला तरी मी हीच सुचवीन.

आता अरोकेरिया. आडव्या फांद्यांचे एकावर एक थर, मधे मोकळी जागा, प्रत्येक टोकाला काहीतरी टांगता येतं. नाताळचं झाड म्हणून मला हेच हवं होतं. घेताना सगळ्यात आधी शेंडा बघा. तो मोडलेला असेल तर झाड कितीही भरगच्च दिसो, घेऊ नका, सरळ एकखोडी आकार गेलाच म्हणून समजा. बाजूच्या फांदीची कलमं तर आडवीच वाढत राहतात, म्हणून रोप बियांचं आहे का ते विचारा. एका कुंडीत तीन-चार रोपं दाटीने लावून झाड भरगच्च दाखवतात, बुंध्याशी माती बाजूला करून मोजा. खालचा थर शाबूत हवा, कारण गळालेल्या फांदीच्या जागी नवी येत नाही.

माझ्या झाडाची स्थिती : मेमध्ये हिरव्या जाळीखाली, पूर्वेच्या भिंतीला होतं. खालच्या थराची टोकं तांबूस झाली. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा क्षार चढत होता, म्हणून नळाच्या पाण्यावर आणलं. पावसाळ्यात तांबडी माती, वाळू आणि गांडूळखतात कुंडी बदलली. काळी माती मुद्दाम टाळली, कुंडीत ती चिकट होऊन पाणी धरून ठेवते. आता शेंड्याजवळ नवा थर फुटलाय. पोपटी, बोटाला मऊ लागणारा, खालच्या गडद फांद्यांवर उठून दिसतो.

नाताळच्या आठवड्यात ते हॉलमध्ये खिडकीशी येईल, पंख्याच्या झोतापासून लांब. कागदी चांदण्या आणि एलईडीची माळ, बस्स. काचेचे जड गोळे आणि फवाऱ्याचा बर्फ अजिबात नाही. नवीन वर्ष लागलं की जाळीखाली परत, आणि जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत हळूहळू कोवळ्या उन्हाची सवय.

एक मदत हवी आहे. अरोकेरिया ‘नॉरफोक पाइन’ म्हणून विकतात, पण त्यातली पुष्कळ झाडं खरं तर कुक पाइन, म्हणजे अरोकेरियाचीच दुसरी जात, असतात, लहानपणी दोन्ही ओळखू येत नाहीत. कुक पाइन जगभर विषुववृत्ताकडे झुकतात, असं 2017 च्या एका अभ्यासात दिसलं, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेकडे. सोलापूर, बार्शी, पंढरपूर भागात कुणाच्या आवारात जमिनीत वाढलेलं उंच झाड असेल तर होकायंत्र घेऊन झुकाव बघा आणि फोटोसह कळवा. जमीन काळी आहे की मुरमाड, तेही लिहा.