जानेवारीतला मेळावा

आमच्या बालगृहाच्या मेळाव्यात दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, अहवालवाचन आणि शाल-श्रीफळ दरवर्षी ठरल्याप्रमाणे होतं. अहवालात ‘प्रवेशितांची संख्या’, म्हणजे दाखल मुलांचा आकडा असतो, देणग्यांचा आकडा असतो, आणि तो वाचून होईपर्यंत पुढे बसलेली चिल्लीपिल्ली पेंगायला लागतात. त्याबद्दल आणखी काय लिहायचं?

मी बालगृहात काळजीवाहक म्हणून लागले आणि निवृत्तही काळजीवाहक म्हणूनच झाले. मुलं आत्या म्हणायची. ‘आई’ म्हणवून घ्यायचं नाही, असं आमच्या जुन्या अधीक्षकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बालगृहातली सगळी मुलं काही अनाथ नसतात. पुष्कळांची आई असते कुठेतरी, आजारी, एकटी किंवा परिस्थितीपुढे हात टेकलेली. तिची जागा आपण घ्यायची नाही, ती येईपर्यंत सांभाळायचं. अधीक्षकांचं हे म्हणणं मला पटायला बरीच वर्षं लागली, पण पटलं ते कायमचं.

मेळाव्यात लेझीम छानच होते. नोव्हेंबरच्या सुमाराला बालगृहांतल्या मुलांच्या चाचा नेहरू बालमहोत्सवासाठी बसवलेली असते, तीच जानेवारीत पुन्हा, फक्त फेटे नवे. नाटुकलंही असतं. मी मात्र वाट बघते ती ‘बाहेरच्या पहिल्या वर्षा’ची. अठरा पूर्ण झाली की मुलांना बालगृह सोडावं लागतं. अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या निवासात, जागा मिळाली तर एकविसाव्या वर्षापर्यंत आधार असतो, नाहीतर मित्रांबरोबर खोली. गेल्या वर्षभरात जी बाहेर पडली, त्यांनी मंचावर येऊन दोन मिनिटं बोलायचं. आभार मानायचे नाहीत आणि कुणी भाषण लिहून द्यायचं नाही, एवढ्या दोनच अटी. पाहुणे मंडळींना यात फारसा रस नसतो, कारण यश वगैरे काही नसतं. कुणी भाड्याच्या खोलीबद्दल बोलतं, कुणी ठेकेदाराने अडवलेल्या पगाराबद्दल. 2018 मध्ये राज्य सरकारने अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आणलं, तेव्हापासून त्यासाठी लागणाऱ्या अनाथ प्रमाणपत्राच्या फेऱ्या हा विषय हटकून निघतो. आई-वडिलांच्या नावाचा एकही कागद नसलेल्या पोराकडे त्यांच्याच मृत्यूचा दाखला मागतात! मुलांच्या घरची चौकशी आणि कागदपत्रं बघणाऱ्या आमच्या परिविक्षा अधिकारी मॅडमनी अशा किती फायली तडीस नेल्या, ते त्यांनाच ठाऊक.

एका वर्षी एक मुलगी उभी राहिली. लहानपणी फार चिडकी, चावायची सुद्धा. म्हणाली, “खोली चांगली आहे, पण झोप येत नव्हती. तिथे कुणी खोकतच नाही.” सगळे हसले. “मग घरमालकांकडून जुना पंखा मागून घेतला. खडखडतो. आता झोपते. पण रात्री एक वाजता जाग येतेच. आत्या उठवायच्या ना.” आणि खाली उतरली. रात्रपाळीत अंथरूण ओलं करणाऱ्या लहानग्यांना एकच्या सुमाराला उठवून, अर्धवट झोपेत हाताला धरून न्यायचं, हे आमचं रोजचं काम. तिला पायऱ्यांवर नेहमी ठेच लागायची, म्हणून मी तिला कडेवर घेत असे. हे तिला आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पुढे पाहुण्यांचं भाषण झालं, ते मी ऐकलं नाही.

फोटोंवरून दरवर्षी वाद ठरलेला. मुलांचं नाव, चेहरा, ओळख कुठेही जाहीर करायची नाही, बालन्याय कायद्याच्या कलम 74 मध्ये ते स्पष्ट आहे, शिक्षाही आहे. पण देणगीदार मोबाइल काढतातच, आणि वॉचमनकाकांना त्यांच्यामागे पळावं लागतं. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये नुसत्या पाठी आणि वेण्या. मला विचाराल तर मी वेणीवरून सांगते कोण आहे ते, कारण निम्म्या मीच घातलेल्या असायच्या.

आता थोडं वाईटपणा घेऊन लिहिते. समितीतली काही मंडळी जेवणानंतर दिसत नाहीत आणि माजी मुलांचं बोलणं नेमकं जेवणानंतर असतं. क्रम बदला, असं मी कितीदा सांगितलं. वाढदिवसाला केक घेऊन येणारे मेळाव्याला फिरकत नाहीत. आणि माजी मुलांमध्ये जी याच शहरात राहतात, तीच येत नाहीत! एक जण रात्रभर एसटीने उभ्याने येतो, आणि दोन थांब्यांवर राहणाऱ्याला ‘जमलं नाही’. मोठ्या हुद्द्यावर गेलेला एक तर प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं तरच येतो. येतो हेही खरं, आणि पोरांना क्रिकेटचं सामान आणतो, म्हणून गप्प बसते.

नावं छापायची नाहीत असं ठरलंय, तरी कुणी राहून जायला नको. सतरंज्या फुकट देणारे मंडपवाले. माइक बिघडला की स्वतः धावणारे ध्वनिक्षेपकवाले दादा. आदल्या दिवशी सगळ्यांचे केस कापून देणारे काका आणि त्यांचा मुलगा. लेझीम बसवणारे शाळेचे सर. फ्रॉकांना रात्री दीडपर्यंत हुका लावणाऱ्या शिवणाच्या बाई. नाटकाच्या वेळी लहानग्याला ताप आला तेव्हा मंचामागे त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या परिचारिका. समुपदेशक ताई, ज्यांनी रुसलेल्या दोघांना ऐनवेळी उभं केलं. आणि त्या दिवशी कामाची पाळी असल्यामुळे आतल्या आजारी मुलांपाशी थांबलेल्या दोन्ही काळजीवाहक. त्यांनी कित्येक वर्षांत मेळावा पाहिलेला नाही. ड्रायव्हरदादा राहिलेच की, पाहुण्यांना स्टेशनवरून तेच आणतात.

यंदाचा मेळावाही जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आहे. येणाऱ्यांनी किती जण ते स्वयंपाकघरातल्या मावशींना आठ दिवस आधी कळवा. गेल्या वर्षी न सांगता आलेल्यांची पानं वाढता वाढता मावशींना काही उरलं नाही. त्या स्वतः हे कुणाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतेय.