आमची वाटचाल : फळ्यावरचे आकडे

नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघा मित्रांनी तीन जुन्या होड्या घेतल्या, तेव्हा धंदा एका दमात सांगता यायचा. होडी भाड्याने घ्या, गळ टाका, अंधार पडायच्या आत धक्क्याला लागा. तलाव एवढा मोठा, की धुकं असलं तर पलीकडचा काठ नाहीच असं वाटावं. पहिला उन्हाळा तुडुंब गेला. वहीत शिल्लक दिसली आणि आम्ही लगेच चौथी होडी बघायला गेलो.

मग शरद ऋतू आला. महिनाभर ज्या जागी मासा हमखास लागत होता, तिथे दिवसभर बसून माणसं हात हलवत परत यायला लागली. "मासा आहे हो, आज तुमचं नशीब नाही," हे आमचं ठरलेलं उत्तर. दुसऱ्यांदा ते ऐकलेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही, हे कळायला आम्हाला एक अख्खा हंगाम लागला.

कारण पाण्यातच होतं. उन्हाळ्यात खोल तलावाचं पाणी थरांत बसलेलं असतं. वर उबदार आणि हलकं, खाली थंड आणि जड, आणि मधे एक पट्टा, जिथे काही मीटरांत तापमान धाडकन उतरतं. तळाशी कुजणाऱ्या गोष्टी प्राणवायू खात राहतात आणि वरून नवा खाली पोचत नाही. आमच्या तलावात त्यामुळे मासा बहुतेक त्या पट्ट्याच्या वरच राहतो. म्हणजे 'किती खोल?' हा अर्धा प्रश्न उन्हाळा आपणच सोडवून देतो. शरदात वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बसायला लागतं. वरखालचं तापमान जवळ आलं, की एखादा जोराचा वारा सगळं ढवळून काढतो. याला आम्ही तलाव उलटला म्हणतो. पाणी गढूळ, वर कुजक्या गवताचे तुकडे, कधी सडक्या अंड्यासारखा वास, आणि मासा चहूकडे पांगलेला. त्यातून मोठा तलाव एका दिवसात उलटत नाही. उथळ कोपरे आधी, खोल भाग कितीतरी नंतर.

चौथ्या होडीचे पैसे आम्ही लांब वायरच्या थर्मामीटरवर घातले. वायरीला दर मीटरला रंगीत चिकटपट्टी. जोडीला दोरीला बांधलेली पांढरी तबकडी : खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. इटलीचे पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली समुद्राच्या पाण्याचा नितळपणा असाच मोजला होता. आमची पहिली तबकडी म्हणजे भोक पाडलेली जेवणाची थाळी. ती तिरकी बुडायची. मग खाली शिसं बांधलं.

रोज सकाळी हे आकडे धक्क्यावरच्या फळ्यावर लिहायला लागलो. मी ठरवलं, की उलटण्याच्या दिवसांत 'आज येऊ नका' असंही लिहायचं. भागीदार भडकला. "दुकान उघडून गिऱ्हाईकाला घरी पाठवणारा तू पहिलाच!" त्याचं चुकीचं नव्हतं. त्या शरदात होड्या बरेच दिवस बांधून होत्या.

आणि मग माझ्याच फळ्याने मला तोंडघशी पाडलं. आदल्या दिवशी धक्क्यापाशी १७ अंश होते, सकाळी बघतो तर ९. मी 'तलाव उलटला' लिहून मोकळा झालो, आणि सहा जणांच्या एका गटाला फोन करून येऊ नका म्हणालो. वारा पडला आणि दोन दिवसांत धक्क्यापाशी पुन्हा १५! झालं होतं असं, की दोन दिवस वारा आमच्या काठाकडून पलीकडे वाहत होता. त्याने वरचं उबदार पाणी समोरच्या काठाला लोटलं आणि आमच्याकडे खालचं थंड पाणी वर आलं. वारा थांबल्यावर थर परत डुलत जागेवर यायला लागले. स्कॉटलंडच्या लॉख नेस या तलावात १९०४ सालीच तापमानाच्या नोंदींवरून हे डुलणं ओळखलं गेलं होतं. लोक तिथे राक्षस शोधतात ते वेगळं. आमच्या समोरच्या काठावर त्या दोन दिवसांत लोकांना भरपूर पर्च मासे लागले. गटाच्या म्होरक्याने मला फोनवर एवढंच विचारलं, "तुम्ही पलीकडे जाऊन बघितलं होतं का?" नव्हतं. तेव्हापासून दोन्ही काठांवर मोजतो, आणि नुसत्या वरच्या आकड्यावर काही लिहीत नाही.

उलटणं संपलं की मात्र मजा असते. प्राणवायू तळापर्यंत पोचलेला, मासा कुठल्याही खोलीवर जायला मोकळा. पाईक हा शिकारी मासा आणि मोठा पर्च थंडीआधी पोट भरून घेतात. पाणी जसजसं गारठेल तसतसं आमिष सावकाश ओढायचं, कारण माशाचं अंगच मंदावतं. आणि काठाचं गवत एकदा हातात घेऊन बघायचं. हिरवं, करकरीत असेल तर तिथे गळ टाका. तपकिरी, बुळबुळीत, बोटांत विरघळणारं असेल तर पुढे चला. कुजणारं गवत प्राणवायू देत नाही, खातं.

एका गोष्टीवर आम्ही दोघे कधीच भांडलो नाही. लाइफ जॅकेट अंगात नसेल तर होडी सुटत नाही. दहा-बारा अंशांच्या पाण्यात पडलेला माणूस पहिल्या मिनिटात आपोआप धापा टाकतो. पट्टीचा पोहणाराही त्याच वेळी पाणी पितो. यावरून काही जण रागावून गेले. जाऊ देत.

आज पाच होड्या आहेत आणि शरदातले उशिराचे आठवडे उन्हाळ्यापेक्षा भरलेले असतात. फळा आता भागीदारच लिहितो, आणि मला हात लावू देत नाही. काल त्याने लिहिलं : वर ११.२, दहा मीटरवर ११, वीसवर १०.८, तबकडी ३ मीटर, समोरच्या काठावरही तेच. खाली मोठ्या अक्षरांत : 'या'. त्या सहा जणांपैकी चौघे उद्या येतायत. दोन नंबरच्या होडीचं इंजिन तेवढं आज रात्रीत सुरू व्हायला हवं.