गोळा फेकण्याआधीची तपासणी

लहानपणी झालेल्या पोलिओमुळे मी कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) लावून चालतो. दिव्यांग खेळाडूंच्या बसून गोळा फेकण्याच्या स्पर्धेत उतरायचे ठरवले, तेव्हा दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) असले की झाले, असे अनेकांनी सांगितले होते. पण या स्पर्धेत खेळाडूंची शारीरिक क्षमता तपासून त्यांचे गट पाडले जातात. प्रत्यक्षात नोकरीतील आरक्षणासाठी ग्राह्य धरली जाणारी ४० टक्के दिव्यांगत्वाची नोंद येथे गट ठरवत नाही. कोणता स्नायू किती जोर लावू शकतो आणि त्याचा फेकीवर काय परिणाम होतो, यावर सारे अवलंबून असते.

तपासणीच्या टेबलावर उताणे झोपवून कंबर, गुडघा, घोटा अशी एकेक हालचाल पाहिली गेली आणि प्रत्येक स्नायूगटाला शून्य ते पाच असे गुण मिळाले. डावा गुडघा सरळ करायला सांगितल्यावर पाय जागचा हलला नाही. मात्र मांडीवर टेकवलेल्या दोन बोटांना स्नायूचे आकुंचन जाणवले, म्हणून परीक्षक बाईंनी शून्याऐवजी एक लिहिला. सरावात ज्या पायाकडे दुर्लक्ष करायला शिकलो, त्याच्याकडेच परक्यांसमोर सगळा जोर लावायचा, हे मला गोळा फेकण्यापेक्षा जड गेले.

“जरा हात राखून जोर लावा, सोपा गट मिळेल,” असा सल्ला देणारेही भेटले. हा सल्ला सरळसरळ फसवणुकीचा आहे आणि तिला बंदीची शिक्षा आहे. शिवाय कागदावरचा गट अखेरचा नसतो: २०२१ मध्ये टोकियो पॅरालिम्पिकमध्ये भारताच्या विनोद कुमार यांचे एफ-५२ गटातील (बसून फेकणाऱ्यांच्या या गटांत आकडा जितका लहान, तितकी शारीरिक मर्यादा अधिक) थाळीफेकीचे कांस्यपदक वर्गीकरणाच्या फेरतपासणीनंतर रद्द झाले.

त्यानंतर फेकीची चाचणी झाली. उशीसकट ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसलेल्या खुर्चीला मला पट्ट्यांनी बांधले, आणि धड किती वळते, कंबर किती साथ देते, हे पाहत परीक्षकांनी ४ किलोचा गोळा फेकायला लावला. स्पर्धेतही त्यांची नजर माझ्यावर होती.

मला एफ-५७ गट मिळाला, तोही पुढे पुन्हा तपासणी होईल या अटीवर. भूसुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेले होकाटो सेमा याच गटात खेळतात; पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २०२४ साली १४.६५ मीटर फेकीवर त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्यांचे आणि माझे शरीर सारखे नाही, पण एका गटात थोडाफार फरक राहणारच, आणि तो मला मान्य आहे. गट बदलला तर मात्र लक्ष्याचे अंतर बदलेल, खुर्चीचे पट्टे नव्याने बसवावे लागतील, म्हणून नव्या खुर्चीचा खर्च मी तूर्त लांबणीवर टाकला आहे.