बामणोली ते वासोटा: आधी पाणी, मग चढण

वासोट्याला निघणाऱ्यांना पहिलं सांगणं एकच: सकाळी लवकर बामणोलीत पोहोचा. बाकीचं त्यामागून जमतं. वासोट्याचा गड सातारा जिल्ह्यात, कोयना अभयारण्याच्या आत, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडे आहे. वर मुक्काम करू देत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला सगळ्यांनी जंगलातून बाहेर पडायचं असतं. होडीला जायला तास-सव्वा तास, यायला तेवढाच, चढायला दोन-अडीच तास, उतरायला दीड-दोन. वर निवांत बसायला जो वेळ हवा तो यात धरलेलाच नाही. बेरीज करा आणि मग ठरवा, वाटेत कासला गाडी थांबवायची की नाही.

मुक्काम साताऱ्यात असेल तर समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कास पठार ओलांडायचं आणि पलीकडे बामणोलीत उतरायचं. अंतर चाळीसेक किलोमीटरच, पण घाटाचा रस्ता, त्यात सकाळी धुकं. सव्वा ते दीड तास धरून चाला. सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कासला फुलांची गर्दी असते; शनिवार-रविवारी त्या गर्दीत अडकलात तर गड विसरा. एसटी बामणोलीपर्यंत येते, पण तिच्या भरवशावर एका दिवसात गड करून परतणं अवघड आहे. त्यापेक्षा आदल्या रात्रीच बामणोलीत येऊन राहावं. घरगुती राहण्याजेवणाची सोय होते, तंबूही मिळतात. पाण्याकाठी रात्री थंडी चांगलीच झोंबते, तेव्हा स्वेटर हवाच.

बामणोलीत दोन कामं असतात, वनखात्याची परवानगी आणि होडी. परवानगीसाठी प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. झेरॉक्स आणि सगळ्यांच्या नावांची यादी घरूनच करून नेली तर अर्धा तास सहज वाचतो. होडी बोट क्लबकडून मिळते, दर ठरलेले असतात, घासाघीस करू नये. एक लक्षात ठेवा: भाडं माणशी नाही, अख्ख्या होडीचं. आठ-दहा जण असलात तर परवडतं. दोघं-तिघंच असाल तर लवकर पोहोचण्याचं हे आणखी एक कारण, कारण धक्क्यावर दुसरा एखादा लहान गट भेटतो आणि भाडं वाटून घेता येतं. फक्त निघण्याआधी त्यांच्याशी चालण्याच्या वेगाबद्दल बोलून घ्या. परतीची होडीही तीच असते, आणि शेवटचा माणूस खाली आल्याशिवाय ती हलत नाही. रोख पैसे जवळ ठेवा, रेंजचा भरवसा नाही.

निघताना आमच्या होडीवाल्या मामांनी दम भरला, "पाव्हणं, पाचाच्या आत खाली या. उशीर झाला तर फॉरेस्टवालं तुमास्नी न्हाई, आमास्नी बोलत्यात." ते खरंच आहे. तुम्ही रेंगाळलात की त्याचा जाब होडीवाल्याला द्यावा लागतो.

डिझेल इंजिन सुरू झालं की बोलणं बंदच होतं. धुराड्यासमोर बसू नका, धूर तिकडेच येतो. पुढच्या फळीवर जागा धरा. लाइफ जॅकेट द्यायची विसरले तर मागून घ्या. पाण्याचा फाटा वळतो, मग पुन्हा वळतो, आणि प्रत्येक वळणावर वाटतं की इथेच संपलं. कोयना धरणाचं काम १९६४ च्या सुमाराला पुरं झालं आणि १०५ टीएमसीचा हा साठा दरीदरीतून मागे पन्नासेक किलोमीटर पसरला. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांचा संगमही आता पाण्यातच आहे, होडीवाला हात दाखवतो तेव्हा दिसतं ते फक्त रुंद पाणी. काठाकडे नीट पाहिलं तर झाडी संपते तिथून पाण्यापर्यंत लाल मातीचा उघडा पट्टा दिसतो, आणि त्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा. पाणी जसजसं उतरत गेलं तसतशी एकेक रेघ उमटत गेलेली. पट्टा अरुंद म्हणजे धरण भरलेलं. उन्हाळ्यात हाच पट्टा एवढा वाढतो की होडी लांबच लागते आणि चिखल, दगड तुडवत वाढीव चाल पडते. म्हणून माझं मत, नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात गड बंदच असतो, उघडल्या उघडल्या गेलात तर जळवा भेटतील.

होडी लागते ती मेट इंदवलीला. इथे पूर्वी गाव होतं, आता वनखात्याची चौकी आहे. धरणामुळे आणि नंतर अभयारण्यामुळे (१९८५) या खोऱ्यातली कितीतरी गावं उठली, आणि वासोट्याचं जंगल आज इतकं दाट आणि निर्मनुष्य आहे त्याचं एक कारण तेच. आता हा सगळा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. गडाचं दुसरं नाव व्याघ्रगड, तेव्हा प्रकल्पाला नाव शोधायला लांब जावं लागलं नसतं.

चौकीवर पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात. अगदी शब्दशः: पाण्याच्या बाटल्या किती, बिस्किटांचे पुडे किती, वेफर्सच्या पिशव्या किती, सगळं वहीत लिहितात आणि अनामत रक्कम घेतात. परत आल्यावर तेवढंच प्लास्टिक दाखवलं की पैसे परत. आमच्या पुढच्या गटातला एक जण चिडला होता, पण मला ही पद्धत फार आवडली, कारण वाटेवर कचरा खरोखरच दिसत नाही. तुम्ही सरळ डब्यात चपाती-भाजी आणि स्टीलच्या बाटल्या न्या, मोजणी दोन मिनिटांत उरकते. पलीकडे खायला-प्यायला काही मिळत नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी हवं. गडावर टाकी आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नका.

सुरुवातीला ओढ्याजवळ मारुती-गणपतीचं उघड्यावरचं ठाणं आहे. तिथपर्यंत वाट सपाट, त्यानंतर चढ सुरू. अंजनी, जांभूळ अशी सदाहरित झाडी, ऊन जमिनीपर्यंत फारसं पोहोचत नाही, त्यामुळे चढ दमवतो पण भाजत नाही. वाट मळलेली आहे, चुकायची भीती कमी. मध्ये नागेश्वरच्या गुहेकडचा फाटा फुटतो, तिथे पाटी पाहून वळा. गवे, अस्वलं, बिबटे या जंगलात आहेत; दिसण्याची शक्यता कमी, तरी एकट्यानं पुढे धावू नका. आम्हाला शेकरू दिसलं, तेही थांबून गप्प उभे राहिलो म्हणून. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा आणि अत्तरही. कड्यांवर आग्यामाश्यांची पोळी असतात, आणि त्या उठल्या तर पळायला जागा नसते. शेवटचा टप्पा कारवीतून जातो, तिथे सावली संपते. टोपी आता पिशवीतून काढून घाला.

पडक्या दरवाजांतून वर आलं की बिनछपराचा मारुती समोर येतो. इथून वाटा फुटतात. एकीकडे महादेवाचं देऊळ आणि त्यापुढे माची, दुसरीकडे बाबूकडा. बहुतेक लोक देवळाजवळ डबे सोडतात, जेवतात, लवंडतात आणि मग वेळ संपला म्हणून बाबूकडा घाईत उरकतात. तुम्ही उलटं करा. आधी बाबूकडा, मग माची, मग जेवण.

बाबूकडा म्हणजे घोड्याच्या नालासारखा आत वळलेला काळा कातळ, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आठवण करून देणारा. कठडा नाही. गवत वाळलेलं असलं की बूट घसरतात, म्हणून टोकाकडे जाताना बसून पुढे सरका, फोटोसाठी कुणी उभं राहून मागे सरकू नका. खाली पाहिलं की कोकणातलं जंगल थेट पायाखाली येतं. समोर जो झाडीनं भरलेला डोंगर दिसतो तो जुना वासोटा. तिकडे जायला आता धड वाट नाही, पण इतिहास कळायला तो इथून बघायलाच हवा. १८१८ साली इंग्रजांनी तोफा त्या डोंगरावर चढवल्या आणि तिथून गडावर मारा केला. सातारच्या छत्रपतींचं कुटुंब आणि दोन इंग्रज अधिकारी तेव्हा इथे पेशव्यांच्या कैदेत होते. कड्यावर बसून दोन डोंगरांमधलं अंतर डोळ्यानं मोजलं की गड का टिकला नाही हे आपोआप समजतं. त्याआधी हाच गड पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीनं पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या वेढ्यात कित्येक महिने लढवला होता, आणि धान्याच्या कोठाराला आग लागली म्हणून तो पडला असं सांगतात. समोरासमोर भिडून घ्यायला हा गड सोपा नव्हताच.

माचीवरून हवा स्वच्छ असेल तर चकदेव आणि कोकणातले रसाळ, सुमार, महिपत हे गड ओळीनं ओळखता येतात. पूर्वेला वळलात तर झाडीच्या वर शिवसागराचा फाटा चकाकताना दिसतो. या पाण्याची एक गंमत आहे. कोयना नदी वाहते आधी दक्षिणेकडे आणि मग पूर्वेकडे, कृष्णेला मिळायला. पण साठ्यातलं बरंचसं पाणी वीज करण्यासाठी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं.

गडावरून दुपारी अडीचला निघालात तर खाली आरामात पोहोचता. उतरताना ओल्या मुळ्यांवर गुडघ्यांची परीक्षा होते, काठी असलेली बरी. नागेश्वरची गुहा त्याच दिवशी करायची असेल तर पहिली होडी आणि दमदार पाय, दोन्ही हवेत; सरसकट सगळ्या गटाला मी ते सुचवणार नाही. कोकणातल्या चोरवणेकडूनही नागेश्वरला चढता येतं, पण तो वेगळा बेत आहे.

जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे परत बामणोलीत आल्यावर पिठलं-भाकरी तयार मिळते. आयत्या वेळी फक्त चहा आणि भजी. घरात वडीलधारे किंवा लहान मुलं असतील, गड झेपणार नसेल, तर बामणोलीहून किंवा महाबळेश्वरजवळच्या तापोळ्याहून संगम आणि दत्तमंदिराची छोटी फेरी मिळते. तिला वनखात्याच्या वेळेची कटकट नाही, आणि दुपारी चारनंतर घेतलीत तर उन्हाचा त्रासही होत नाही.